मदत हवी आहे: दोन्हीकडे सीजीनॅट (इंटरनेट सेवादात्याचा नॅट) असताना थेट जोडणी कशी करायची?

नमस्कार मंडळी,

आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे आणि जकार्डची डिझाइनं धाकटा भाऊ जुळे सोलापुरातल्या घरी बसून करतो. दोन्ही कॉम्प्युटरवर सिंकथिंग (दोन मशीनमधल्या फायली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. फायली पोचतात, पण जोडणीपुढे कायम 'रिले' दिसतं आणि वेग अगदीच रडतखडत. एकाच गावातल्या दोन मशीन, आणि डेटा तिसऱ्याच सर्व्हरला वळसा घालून येतो. तो एन्क्रिप्टेड असतो, तेव्हा डिझाइन कुणी बघेल ही भीती नाही. पण ऐन वेळी गिऱ्हाईकानं बॉर्डर बदलून मागितली की नवी फाइल येईपर्यंत माग बंद आणि कामगार बसून. ते बघवत नाही.

घरच्या राउटरवर सिंकथिंगचा २२००० पोर्ट फॉरवर्ड करून पाहिला (म्हणजे त्यावर बाहेरून येणारं थेट कॉम्प्युटरकडे पाठवायला सांगितलं), फरक शून्य. मग राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघितला, तर १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ मध्ये सेवादात्यांच्या नॅटसाठीच राखून ठेवलाय (नॅट म्हणजे आतले पत्ते बदलून अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं आणणं). म्हणजे माझ्या राउटरच्या वर अजून एक नॅट आहे आणि तिथं मला काहीच करता येत नाही. कारखान्यात सिमवरचा राउटर आहे, त्याला १० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे तिथंही तीच गत.

होल पंचिंग (नॅटमधून थेट वाट काढायची युक्ती) मला समजलं ते असं: दोन्ही मशीन स्टन सर्व्हरकडून आपला बाहेरचा आयपी आणि पोर्ट विचारून घेतात, एकमेकांना कळवतात आणि दोघंही एकाच सुमारास यूडीपी पॅकेट सोडतात. आपलं पॅकेट बाहेर जाताना नॅटमध्ये नोंद होते, तिच्या आधारे समोरचं पॅकेट आत येतं. मग आमच्याकडे हे कुठं अडतंय?

प्रतिसाद १

बहुतेक एका टोकाला सिमेट्रिक नॅट असणार. तो प्रत्येक नव्या पत्त्यासाठी वेगळा बाहेरचा पोर्ट देतो. त्यामुळे स्टननं सांगितलेला पोर्ट फक्त त्या स्टन सर्व्हरपुरताच खरा. भावाचं पॅकेट त्यावर आलं तर नॅट टाकून देतो. एकाच लोकल पोर्टवरून दोन वेगळ्या स्टन सर्व्हरना विचारा. उत्तरात पोर्ट वेगवेगळे आले तर शंका खरी.

पण त्याच्यामागं लागण्याआधी दोन्हीकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) आहे का बघा. तिथं पत्ता बदलायची भानगडच नाही, फक्त फायरवॉल आडवी येते. एका बाजूला २२००० उघडा असला तरी पुरतं, दुसरी बाजू जोडणी सुरू करते. तेही जमलं नाही तर मुंबईतला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन स्वतःचा रिले चालवा. वळसा राहील, पण रिलेवर गर्दी तुमचीच.

धागाकर्ता

मनापासून आभार. घरी दोन्ही सर्व्हरनी एकच पोर्ट सांगितला, कारखान्यात वेगवेगळे. आयपीव्ही६ कारखान्यात आधीपासून होतं, घरच्या राउटरमध्ये बंद होतं, ते चालू केलं. आता अडचण अशी की राउटर रीस्टार्ट झाला की घरच्या पत्त्याचा पुढचा भाग बदलतो, आणि फायरवॉलच्या नियमात पूर्ण पत्ता टाकावा लागतो. फक्त मागच्या ६४ बिटांवर, म्हणजे पत्त्याच्या मागच्या अर्ध्या भागावर, नियम लावता येतो का? कुणी केलं असेल तर राउटरचं मॉडेल सांगा, तोच घेईन.