अ‍ॅटिकमध्ये रॅकूनची पिल्लं, भोक आत्ताच बुजवावं का? टोरांटो

आगाशी_स्कारबरो

नमस्कार मंडळी. स्कारबरोत दुमजली घर आहे, १९७४ चं बांधकाम, डांबरी शिंगल्सचं छप्पर. गॅरेजचं उतरतं छप्पर वरच्या मजल्याच्या सॉफिटला (छपराच्या पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अस्तराला) जिथे भिडतं, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा सॉफिट खाली ओढलेला दिसतोय. भोक वीतभर रुंद. रात्री नऊनंतर माळ्यावर जड पावलं वाजतात. एप्रिल लागल्यापासून दिवसासुद्धा एकाच कोपऱ्यातून चिवचिव आणि मधूनच कुईंकुईं असा बारीक आवाज येतो. मागच्या डेकच्या कोपऱ्यात विष्ठेचा ढीग साचलाय, त्यात बिया दिसतात.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे: पिंजरा लावून लांबच्या जंगलात सोडा, माळ्यावर डांबराच्या गोळ्या टाका, रॅकून मादी रात्री बाहेर पडली की भोक पत्र्याने बंद करा. यातलं काय चालेल, कोणत्या क्रमाने करायचं? घरात दोन वर्षांचं मूल आहे.

पन्हाळी

तिन्ही सल्ले सोडून द्या, तिसरा तर आधी. आवाजाचं वर्णन पाहता आत पिल्लं आहेत असंच धरून चाला. ओंटारियोत रॅकूनचा विणीचा हंगाम जानेवारी ते मार्च, गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे बहुतेक पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात. एका वेळी तीन ते पाच. डोळे उघडायला तीनेक आठवडे लागतात आणि आईमागे बाहेर पडायला आठ ते दहा आठवडे. आज भोक बंद केलंत तर आई बाहेर आणि पिल्लं आत राहतील. ती गप्प बसणार नाही. छपराला दुसरीकडून, शिंगल्स उपटून आणि खालचं प्लायवूड फोडून, नवं भोक पाडेल. नाहीच जमलं, तर पिल्लं आत उपाशी मरतील आणि तो वास इन्सुलेशनमधून छतात उतरेल. दुरुस्तीचा खर्च तिथे दुप्पट होतो.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, जूनच्या मध्यापर्यंत थांबणं. पिल्लं तिच्या मागोमाग रोज रात्री बाहेर पडू लागली की एकतर्फी, म्हणजे फक्त बाहेर उघडणारं दार बसवायचं. दुसरा, तिला आत्ताच घर बदलायला लावणं. रॅकून मादीच्या ओळखीच्या दोन-तीन जागा आसपास असतातच, पोकळ झाड, शेजारची शेड वगैरे. सध्याची जागा नकोशी झाली की ती पिल्लांना मानेला धरून एकेक करून हलवते.

नकोशी करायची म्हणजे उजेड आणि माणसाचा आवाज. अ‍ॅटिकचं झाकण जिथे असेल तिथून एलईडीचा वर्कलाइट आत सोडा, रोख त्या कोपऱ्याकडे ठेवा. हॅलोजन अजिबात नको, तो इतका तापतो की इन्सुलेशन पेट घेऊ शकतं. शेजारी रेडिओ ठेवा, गाण्यांचा नको, सतत बोलणाऱ्या स्टेशनचा. दोन्ही दिवसरात्र, सलग तीन ते पाच रात्री. थंडी-पावसाचा अंदाज असेल तो आठवडा टाळा, कारण गोठवणाऱ्या रात्री आई पिल्लं उघड्यावर काढत नाही आणि तुम्हाला वाटतं की उपाय फुकट गेला.

स्वतः आत रांगत जाऊ नका. पिल्लांजवळची मादी अंगावर येते. शिवाय जॉइस्टवरून (छताच्या आडव्या वाशांवरून) पाय घसरला तर ड्रायवॉल (खालच्या छताची जिप्समची पाटी) वजन पेलत नाही, सरळ खालच्या खोलीत याल. आणि १९९० च्या आधीच्या घरात इन्सुलेशन म्हणून चकाकणाऱ्या खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट टाकलेलं असू शकतं. त्यात अ‍ॅस्बेस्टस असण्याची शक्यता असते. तुमचं घर १९७४ चं आहे, तेव्हा झाकण उघडल्यावर आधी टॉर्चने दुरून बघा. तसे खडे दिसले तर काहीही न हलवता झाकण बंद करा आणि तपासणी करून घ्या.

कायदा_आणि_कुंपण

पिंजऱ्याबद्दल. ओंटारियोच्या १९९७ च्या वन्यजीव कायद्याखाली, मालमत्तेचं नुकसान करणारा प्राणी घरमालक पकडू शकतो. पण जिवंत पकडला तर २४ तासांच्या आत, आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. ‘लांबच्या जंगलात’ सोडणं म्हणजे सरळ कायदेभंग.

नियमामागे कारण ठोस आहे. रॅकूनचा रेबीज ओंटारियोत पहिल्यांदा १९९९ मध्ये शिरला. लशीची आमिषं आणि पकडून लस टोचणं, या दोन्हींच्या जोरावर तो २००५ पर्यंत संपवला गेला. डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला पुन्हा सापडला. एकानं गाडीत घालून नेलेला एक आजारी प्राणी हे सगळं काम मातीत घालवू शकतो. नव्या मुलखात सोडलेल्या रॅकूनला ना बीळ माहीत असतं ना खाणं, त्याच्यावरही अन्यायच. आणि तुमची रिकामी झालेली जागा शेजारचा दुसरा रॅकून घेतो, कारण भोक तिथेच असतं.

डांबराच्या गोळ्या: कॅनडात या गोळ्या बंद डब्यातल्या कपड्यांतल्या कसरीसाठीच मंजूर आहेत, माळ्यावर विखुरण्यासाठी नाहीत. वाफ छतातून खाली झोपायच्या खोल्यांत उतरते. तुमच्याकडे लहान मूल आहे, त्यामुळे हा विषय इथेच संपवा. अमोनियाचे बोळेही त्याच कारणासाठी नकोत, डोळे न उघडलेली पिल्लं त्या वाफेतून पळू शकत नाहीत. अल्ट्रासॉनिक यंत्रांचा भरवसा धरू नका.

दिवसा रॅकून दिसला म्हणजे तो पिसाळलाच असं नसतं. दूध पाजणारी मादी दिवसाही खाणं शोधते. झोकांड्या खाणारा, एकाच जागी गोल फिरणारा, माणसाला पाहून न हलणारा दिसला तर ३११ ला (महापालिकेच्या मदत क्रमांकावर) फोन करा. रेबीजऐवजी डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजारही असू शकतो. तो माणसाला होत नाही, पण लस न दिलेल्या कुत्र्याला होतो. चावा किंवा ओरखडा लागलाच तर साबणाच्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून लगेच डॉक्टरकडे जा, ‘बघू उद्या’ नाही.

जाळी_स्क्रू_वॉशर

आता बंद करण्याचं काम, कारण बहुतेक घरांत गोची इथेच होते.

आधी खात्री करा की आत कोणी नाही. भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. तीन रात्री जागचे हलले नाहीत आणि आतून आवाज नाही, तर जागा रिकामी. ही परीक्षा शून्याच्या वर तापमान असतानाच करायची, कडाक्याच्या थंडीत रॅकून सलग कित्येक दिवस बाहेरच पडत नाही. लहान पिल्लं आत असतील तर बोळे लावूच नका. उजेड-रेडिओचा टप्पा झाल्यावर आणि चिवचिव थांबल्यावर लावा.

जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी नको. तिची तार रॅकून दातांनी आणि पंजांनी उलगडतो. गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी घ्या, अर्धा इंच चौकोन, १६ गेज. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, दुकानात १९ गेज माथी मारतात, ते घेऊ नका. फोमचा फवारा तर रॅकूनला अडथळाच वाटत नाही.

तुमचं भोक छप्पर-सॉफिटच्या सांध्यावर आहे. रॅकून गॅरेजच्या छपरावर मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढच्या पंजांनी सॉफिट वर ढकलतो किंवा खाली ओढतो. सॉफिट नुसता खाचेत सरकवलेला असतो, त्यामुळे तो सहज सुटतो. म्हणून नुसता नवा सॉफिट बसवून भागत नाही. आतलं कुजलेलं लाकूड बदला, मग जाळी काटकोनात वाकवा: एक बाजू किमान ३ इंच शिंगल्सखाली सरकली पाहिजे, दुसरी भिंतीवर किंवा फेशियावर (छपराच्या कडेच्या उभ्या फळीवर). दर ४ ते ६ इंचांवर स्क्रू आणि रुंद वॉशर, स्टेपल नाहीत. स्क्रू लाकडात गेला पाहिजे. पातळ अ‍ॅल्युमिनियममध्ये मारलेला स्क्रू एका हिसक्यात निघतो. छपरावरच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट, नाहीतर रॅकून जाईल आणि पाणी येईल.

पत्रा मारून सॉफिट पूर्ण बंद करू नका. अ‍ॅटिकला हवा तिथूनच मिळते. ती अडली की हिवाळ्यात आत दव धरतं, प्लायवूडला बुरशी येते आणि कडेला बर्फाचे बांध साचतात.

त्याच दिवशी बाकीचं छप्पर पाहून घ्या. प्लॅस्टिकचे चौकोनी रूफ व्हेंट हे तुमचं पुढचं भोक आहे, त्यावर जाळीचा पिंजरा चढवा. चिमणीला स्टीलची टोपी लावा, पण आधी आत कोणी नाही हे पाहा. एक गोष्ट हमखास चुकते: ड्रायरच्या व्हेंटवर बारीक जाळी कधीही लावायची नाही. लिंट (कपड्यांचे सुटे तंतू) साचून आग लागते. तिथे झडप असलेलं तयार कव्हर मिळतं, ते लावा आणि साफ करत राहा.

झाडाची फांदी छपरापासून निदान २ मीटर लांब हवी. पण फांद्या छाटल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, पावसाच्या पाइपावरून किंवा विटांच्या कोपऱ्यावरूनही ते चढतात.

पन्हाळी

@जाळी_स्क्रू_वॉशर, बोळ्यांबद्दल सहमत, एक भर घालतो. रिकामं वाटलं तरी शेवटचं भोक लगेच कायमचं बंद न करता तिथे आठवडाभर एकतर्फी दार ठेवावं. फक्त बाहेर उघडणारी जाळीची झडप, वर स्प्रिंग, भोवती चारही बाजूंनी जाळीची पट्टी स्क्रूने आवळलेली. आधी बाकी सगळी भोकं बंद, मग दार, हा क्रम उलटला तर तो दुसरीकडून परत शिरतो.

आणि पिल्लं आत असताना एकतर्फी दार लावणारा माणूस बोलावू नका. चांगले व्यावसायिक आधी पिल्लं हाताने बाहेर काढतात, उबदार पेटीत घालून भोकाजवळच ठेवतात, मग दार बसवतात. आई रात्रीत ती घेऊन जाते. कोटेशन मागताना हाच प्रश्न विचारा: “पिल्लांचं काय करता?” उत्तर ‘लांब नेऊन सोडतो’ असेल तर फोन ठेवा.

स्वच्छ_डेक

मूल दोन वर्षांचं आहे म्हणून डेकवरच्या ढिगाबद्दल आधीच सांगते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. रॅकून ठरावीक जागीच विष्ठा करतात. त्यांच्या आतड्यात अनेकदा बेलिसअ‍ॅस्करिस नावाचा गोलकृमी असतो. त्याची अंडी पोटात गेली तर अळ्या डोळ्यांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. हे क्वचित घडतं, पण माती-खडे तोंडात घालणाऱ्या वयातल्या मुलांना घडतं. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून ढीग ताजा असतानाच उचलणं हा अर्धा इलाज आहे. पण अंडी एकदा मातीत पडली की वर्षानुवर्षं टिकतात.

ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, उष्णतेने मरतात. मूल घरात ठेवा. एन९५ मास्क, रबरी हातमोजे, गमबूट घाला. ढिगावर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे धूळ उडणार नाही. सुकी झाडू किंवा व्हॅक्यूम नको. खोऱ्याने उचलून दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाका, मग त्या जागेवर उकळतं पाणी ओता, दोनदा. ओतताना भाजणार नाही हे सांभाळा. खालच्या मातीचा वरचा २ ते ४ इंच थरही काढा. कपडे गरम पाण्यात धुवा. वाळूचा खेळ-खड्डा असेल तर त्याला घट्ट झाकण हवं. अ‍ॅटिकमधला ढीग मात्र व्यावसायिकाकडूनच, तिथे उकळतं पाणी ओतता येत नाही, माखलेलं इन्सुलेशन उचलूनच काढावं लागतं.

खाणं बंद केलं नाही तर बाकी सगळं वाया जाईल. टोरांटोने २०१६ पासून दिलेल्या हिरव्या बिनच्या (ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या) झाकणाला फिरवायचं कुलूप आहे, ते खरंच फिरवा, नुसतं झाकण आपटून लॉक होत नाही. कोळंबीची टरफलं, माशाचे काटे, मटणाची हाडं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचरा उचलायच्या सकाळीच बाहेर काढा, आदल्या रात्री नाही. आपल्या घरांचं एक खास: पितृपक्षात कावळ्यासाठी डेकवर ठेवलेलं पान आणि पक्ष्यांसाठीचे दाणे. कावळा शिवला नाही तर ते पान रात्री रॅकूनच साफ करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. टोरांटोत २०२३ पासून खासगी अंगणातही वन्यप्राण्यांना खायला घालायला मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

आगाशी_स्कारबरो

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून लाइट आणि रेडिओ सुरू करतो, ढीग आजच उचलतो. दोन शंका. हिरवळ जागोजागी सतरंजीसारखी गुंडाळून ठेवलेली असते, हेही त्यांचंच का? आणि डेकखाली शिरू नयेत म्हणून आत्ताच काही करावं का?

जाळी_स्क्रू_वॉशर

हिरवळ त्यांचीच, स्कंक (दुर्गंधी फवारणारा काळा-पांढरा प्राणी) असतील तर लहान शंकूसारखे खड्डे पडतात. दोघंही मातीतल्या भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या शोधतात. अळ्या गेल्या की खणणं थांबतं. ओंटारियोत हिरवळीसाठी कीटकनाशकांवर २००९ पासून बंदी आहे, तेव्हा उपाय नेमॅटोडचा, म्हणजे अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, हेटरोर्‍हॅब्डायटिस जातीचा. वेळ ऑगस्ट-अखेर ते सप्टेंबरचा मध्य, अळ्या लहान आणि वर असतात तेव्हा. संध्याकाळी, आधी माती भिजवून, सोडल्यावर पुन्हा पाणी, आणि पुढचे काही दिवस ओल टिकवून. उन्हात किंवा कोरड्या मातीत सोडले तर ते मरतात आणि पैसे मातीत जातात. सध्या उलटलेले तुकडे परत दाबून, पाणी घालून ठेवा, मुळं धरतील.

डेकखाली: आधी तिथे कोणी राहत नाही ना हे त्याच वर्तमानपत्राच्या युक्तीने बघा. अ‍ॅटिकमधून निघालेली मादी पिल्लं घेऊन पहिल्यांदा तिथेच येऊ शकते, त्यामुळे हे काम रेडिओ सुरू करायच्या आधी उरकलेलं बरं. डेकच्या कडेने ३० सेंटिमीटर खोल चर खणा. जाळी डेकच्या चौकटीला स्क्रूने लावून खाली उतरवा आणि चराच्या तळाशी बाहेरच्या बाजूला ३० सेंटिमीटर आडवी वळवून माती लोटा. रॅकून कडेलाच खणतो, आडवी जाळी लागली की मागे फिरतो. खणण्याआधी ‘ओंटारियो वन कॉल’ (Ontario One Call) या सेवेकडून गॅस आणि विजेच्या लाइनींची खूण करून घ्या. ती फुकट आहे आणि बंधनकारकही, पण खूण करायला काही दिवस लागतात, तेव्हा अर्ज आजच टाका.