आधी शाळेतलं नेटवर्क, मग इंटरनेट
गावात इंटरनेटची फायबर केबल पोचली की शाळा डिजिटल होईल, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. रेंजचं तर विचारूच नका. आणि आपल्याकडे कोकणात पहिलं सत्र जवळपास पावसातच जातं. म्हणून शाळेतच एक छोटा सर्व्हर, म्हणजे माहिती साठवून मुलांच्या मोबाइल-टॅबना पुरवणारा संगणक, आणि वायफाय राउटर हवा. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर किविक्स हे इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर वापरून मराठी विकिपीडिया ठेवता येतो, बालभारतीची पीडीएफ पुस्तकंही. बाहेरची जोडणी तुटली तरी मुलं वाचू शकतात. इन्व्हर्टर मात्र आधी घ्या! खाऱ्या, दमट हवेत कनेक्टर गंजतात, तेव्हा निदान एका शिक्षकाला तरी केबल जोडायला शिकवा. तालुक्याहून माणूस येईपर्यंत वर्ग अडायला नको.