मदत हवी आहे : दर सांगताना कच खाण्याची सवय कशी मोडावी?

भोसरी एमआयडीसीत माझे व्हीएमसी मशिनवर (धातूचे भाग कापून घडवणारे संगणकचलित यंत्र) जॉबवर्क, म्हणजे इतर कंपन्यांचे काम मजुरीवर करून देण्याचे छोटे वर्कशॉप आहे. काम भरपूर आहे आणि दर्जाबद्दल तक्रार नाही. अडचण माझ्या विचारांच्या सवयीत आहे. मशिनचा हप्ता, वीज, टूलिंग आणि ऑपरेटरचा पगार धरून तासाचा दर मी व्यवस्थित काढतो, परंतु गिऱ्हाईक कंपनीच्या पर्चेसवाल्याने (खरेदी विभागातल्या माणसाने) नुसते "बघा जरा, काही कमी होतंय का" असे म्हटले, की काम हातचे जाईल या धास्तीने, समोरच्याने आकडा सांगण्याआधीच मी दर उतरवतो. वसुलीचेही तेच. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आहे, याच उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे उधारी ताणता येत नाही हेही ठाऊक आहे, तरी हक्काचे पैसे मागताना जीभ अडखळते.

कोटेशन लेखी पाठवून पाहिले. फोन आला की पुन्हा तेच. किमान दर कागदावर लिहून समोर ठेवला, त्याचा नव्या गिऱ्हाइकांपुरता उपयोग झाला, जुन्यांपुढे नाही. प्रेरणादायी व्याख्यानांचा परिणाम घरी पोहोचेपर्यंतही टिकत नाही, तेव्हा ती कृपया सुचवू नयेत. बोलणी सोपवायला दुसरे कोणी नाही, आणि निम्म्याहून अधिक काम एकाच कंपनीचे असल्याने तिला तोडणे शक्य नाही.

ज्यांनी जुन्या गिऱ्हाइकाशी संबंध राखून ही सवय मोडली, त्यांनी घासाघीस सुरू होताच त्या क्षणी नेमके काय उत्तर द्यायचे ठरवले होते, आणि ते अंगवळणी कसे पाडले?