फोनवरची मुलाखत न कळवता घ्यावी का?

सानपाडा_एचआर: अंधेरीच्या ऑफिसात अकाउंट्ससाठी भरती चालू आहे, पहिली फेरी फोनवर. सहकारी म्हणतात, न सांगता फोन लावा, माणूस खरा कळतो. मला हे अजिबात मान्य नाही. सकाळी साडेनऊला नोकरदार माणूस लोकलमध्ये असतो. दादरला उतरायच्या रेटारेटीत तो हिशेबाची काय उत्तरं देणार? शेजारी ऑफिसातलंच कुणी उभं असलं तर हातची नोकरीही धोक्यात. आदल्या दिवशी मेसेज करून वेळ ठरवा, कोण बोलणार, किती मिनिटं लागतील तेही सांगा.

वसईकर_७: असहमत. मी कॉल सेंटरसाठी माणसं घेतो. आमच्याकडे अचानक आलेला फोन कसा घेतो हेच काम आहे. वेळ दिली की घोकलेली उत्तरं येतात.

सानपाडा_एचआर: तुमचे एजंटही हेडसेट लावून जागेवर बसून बोलतात, गाडीच्या दारात उभे राहून नाही. आणि घोकंपट्टी पुढच्याच प्रश्नाला उघडी पडते. ‘बँक रिकन्सिलिएशन करायचो’, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या हिशेबाशी जुळवायचो, असं म्हणाला, की विचारा: गेल्या महिन्यात काय जुळत नव्हतं? ज्यानं काम केलंय तो लगेच सांगतो, अमुक पार्टीला दिलेला चेक वटलाच नव्हता, बँकेनं चार्जेस परस्पर कापले होते. बाकीचे तिथे गोलगोल बोलायला लागतात.

गिरगावकरीण: माझा फोनलाच विरोध आहे. भाची मराठी माध्यमातली, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पटाईत. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ ऐकून क्षणभर गप्प झाली, तर समोरच्या बाईंनी दोन मिनिटांत आटोपतं घेतलं. कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही! समोर बोलवा, टॅलीवर बसवा.

बदलापूर_लोकल: ताई, बोलवा म्हणणं सोपं आहे. बदलापूरहून अंधेरी म्हणजे अख्खी रजा. अशा किती रजा टाकायच्या? फोन हवाच. फक्त सुरुवातीला विचारा, मराठी, हिंदी की इंग्रजी?

पार्लेकर: १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या संशोधकांनी ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. प्रश्न आधी ठरवून घेतलेल्या मुलाखतींवरून माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला येतो, असं त्यात दिसलं. तेव्हा सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि गुण फोन ठेवल्याठेवल्या लिहा. संध्याकाळपर्यंत फक्त आवाज लक्षात राहतो.

वसईकर_७: ठरलेले प्रश्न आणि गुण, चालेल. वेळ मात्र मी कळवणार नाही. गाडीत असेल तर ‘तासाभरानं करा’ म्हणावं, मी करतो. ते नीट सांगता येणं हीसुद्धा आमच्याकडे परीक्षाच आहे.

गिरगावकरीण: नोकरीची गरज असलेला माणूस ‘नंतर करा’ म्हणायला घाबरतो हो. आणि गुण देणारा इंग्रजी ऐकूनच गुण देणार असेल तर ठरलेले प्रश्न काय कामाचे? निदान दोघांनी ऐका, गुण वेगवेगळे लिहा.

सानपाडा_एचआर: दोघांनी ऐकायचं पटलं. उमेदवाराला आधी सांगून, सोमवारपासून तसंच करते.