पगार 21,000 च्या वर गेला, तर बाळंतपणाची रजा कोण देणार?

गोदाकाठ:
अंबड औद्योगिक वसाहतीतील साठेक कामगारांच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पगार 23,000 झाला आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात थांबली. मला आता सहावा महिना आहे. पॅकिंगमधील मैत्रिणीला सहा महिन्यांची पगारी रजा विनातक्रार मिळाली. माझ्यापुढे मात्र टाइप केलेला राजीनामा ठेवून, फक्त तारीख घालून सही करा, असे सांगण्यात आले. हे कायद्याला धरून आहे का?

सातपूरकर:
मुळीच नाही, सही करू नका. ईएसआयमध्ये 26 आठवड्यांचा लाभ महामंडळाच्या निधीतून मिळतो, मालकाला झळ बसत नाही. मैत्रिणीला कोणी अडवले नाही ते म्हणूनच. ईएसआयची महिना 21,000 ची पगारमर्यादा ओलांडली की हाच भार मालकावर येतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे ही तरतूद मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने आली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. अट एवढीच की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे. लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत मिळायला हवी.

लेथवाला:
कायदा सातपूरकर सांगतात तसाच आहे, आणि तो राजीनामा ही निव्वळ दांडगाई आहे. पण मी स्वतः बारा माणसांचे वर्कशॉप चालवतो. रजेवरील बाईंचा आणि बदली माणसाचा असे दोन पगार सहा महिने काढणे मला जड जाते, आणि मग माझ्यासारखे कित्येक जण मुलाखतीतच लग्नाची चौकशी करून मोकळे होतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 सालचा करार म्हणतो की, हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. आपल्याकडे कमी पगाराला विमा आणि बढती मिळाली की मालकाची मर्जी, असा उफराटा कारभार आहे.

दोन_पाळ्या:
रजेनंतरचे काय? 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषांची 97, असे दिसले. तरीही खासगी नोकरीतील बापाला रजेचा कायदेशीर हक्क नाही. गोदाकाठ, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येते. रजेच्या अर्जातच ती मागणीही लिहून टाका.