जपान: दहा रात्री, पाच माणसं, सात शहरांची यादी. काय गाळू?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात जपानला जायचं ठरतंय. मी, नवरा, दहावीत जाणारी लेक (क्लासवाल्यांच्या हातापाया पडून सुट्टी मिळवलीय) आणि माझे आई-बाबा. बाबा ७४, आई ७०. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. प्रवासाचे दिवस वगळून तिथे दहा रात्री हातात आहेत. २९ एप्रिल ते ५ मे तिकडे गोल्डन वीक, अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो म्हणतात, म्हणून ८ मेनंतर निघतोय. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तोवर झडून गेलेला असणार. त्याचं दुःख लेकीला आहे, मला नाही.

घोडं अडलंय शहरांवर. टोकियो आणि क्योटोबद्दल कुणाचंच दुमत नाही. लेकीला ओसाकाचं युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क. नवरा गाड्यांच्या धंद्यात, त्याला नागोयातलं टोयोटाचं संग्रहालय बघायचंय आणि "जाता जाता" योकोहामा. मला हिरोशिमा. आई म्हणते, कुठेही न्या, फक्त रोज उठून बॅग भरायला लावू नका.

आईच्या या वाक्यामागे इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. अकरा दिवसांत आठ शहरं. प्रत्येक ठिकाणी भोज्याला शिवून परत बसमध्ये. आज आईला ब्रसेल्समध्ये काय पाहिलं विचारलं तर ती थोडा वेळ आठवून म्हणते, "तिथे बसच्या पायऱ्या उंच होत्या." तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी आपलं आपण जायचं.

आणि बाबांना हवंय ओकायामा. पुणेकरांना वेगळं सांगायला नको: सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. बाबा सकाळी तिथेच फिरायला जातात. पुलावर उभं राहून मासे बघायचे, एक फेरी, पुन्हा पूल. मूळ बाग १७०० साली पुरी झालेली, जपानच्या नावाजलेल्या तीन बागांपैकी एक. नवऱ्याचं म्हणणं, घरापासून दहा मिनिटांवर आहे ते बघायला एवढ्या लांब कशाला? बाबा यावर काही बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

तर प्रश्न असा, की दहा रात्रींत नक्की काय गाळावं? हिरोशिमा आणि ओकायामा दोन्ही जमेल, की एकच धरू? रेल्वे पास घ्यावा का? व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, त्यामुळे "तिथे गेल्यावर बघू" चालणार नाही. आणि आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही.

---

कोथरूडकर: एवढा खर्च करून जाताय तर कानाझावाही करा. केनरोकुएन बाग त्या तिघींतलीच.

धागाकर्ती: अहो, गाळायचं काय ते विचारतेय!

औंधचा प्रवासी: आई-वडिलांना घेऊन जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहरं मोजू नका, हॉटेलं मोजा. दोनच घ्या. टोकियोत चार रात्री, ओसाकात सहा. क्योटोला मुक्काम हवाच असं काही नाही, ओसाकाहून जेआरची (जपान रेल्वेची) साधी जलद गाडी अर्ध्या तासात पोचवते. नारा ओसाकातल्या नाम्बा स्टेशनाहून चाळीसएक मिनिटं. विमानाचं तिकीट टोकियोला उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळाहून परतीचं काढा, म्हणजे उलटा फेरा वाचतो.

देशभराचा जेआर पास तुम्हाला परवडणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर नेला. तुमचं टोकियो-ओसाका एकदाच होणार, शिंकान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) साधारण साडेचौदा हजार. ते सुटं काढा. त्या गाडीत उजवीकडची खिडकी, म्हणजे 'ई' आसन घ्या. आभाळ मोकळं असेल तर फुजी पर्वत तिकडून दिसतो. पुढे ओसाकाहून पाच दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास घ्या. मी घेतला तेव्हा १७,००० येन होता. त्यात हिरोशिमापर्यंतची शिंकान्सेन येते आणि ओकायामा त्याच मार्गावर, ओसाकाहून पाऊण तास. हिरोशिमाचं नुसतं जाऊन-येऊन तिकीट वीस हजारांच्या वर जातं. म्हणजे तुमच्या वडिलांचं ओकायामा जवळजवळ फुकटात पडतंय, हे जावईबापूंना सांगा.

पण दोन्ही एका दिवसात कोंबू नका. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयातून बाहेर आल्यावर माझ्या वडिलांना तासभर कुठेच जायचं नव्हतं, नदीकाठच्या बाकावर बसून होते. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये.

नागोया गाळा. योकोहामा टोकियोहून अर्ध्या तासावर, जमलं तर जमलं.

मोठ्या बॅगांचं बघा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेलं तर शिंकान्सेनमध्ये बॅगेच्या जागेसकट आसन आधी राखून ठेवावं लागतं. त्यापेक्षा टोकियोच्या हॉटेलातूनच बॅगा कुरिअरने ओसाकाला धाडा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. आईंना जिने टाळायचे तर मोठ्या स्टेशनांत आधी लिफ्टची पाटी शोधा. ती सापडेपर्यंतच निम्मं चालणं होतं.

मेतकूटप्रेमी: खाण्याचं मी सांगते. आईंना मिसो सूपसुद्धा चालणार नाही. त्याचं पाणी, दाशी, बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसापासून करतात. भाज्या दिसल्या म्हणून शाकाहारी समजू नका. क्योटोत देवळांजवळ शोजिन र्योरी मिळतं, बौद्ध भिक्षूंचं जेवण, तरी आधी विचारून घ्या. टोकियोत निशी-कासाईला भारतीय वस्ती आहे, तिथे पोटभर मिळेल. बाकी दिवशी कोन्बिनीतून (तिथल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांतून) गरम करायचा साधा भात आणि दही घ्यायचं, मेतकूट पुण्याहून न्यायचं. आम्ही तुपाची छोटी बाटलीही नेली होती.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने नागोयावर पाणी सोडलंय, थोडं तोंड वाकडं करून. टोकियो चार, ओसाका सहा, हिरोशिमा एक पूर्ण दिवस, ओकायामा एक पूर्ण दिवस. लेकीचं युनिव्हर्सल, माझे क्योटोचे दोन दिवस आणि नारा धरून सहा रात्रींत बसतंय.

संध्याकाळी बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून ओकायामाची ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "तिथेही हिरवळीवर पाय पडला की शिट्टी वाजवतात का गं?"