घरचं सुकं मटण (जर्की) : मसाला काय लावता? अनुभव लिहा

भाऊ जहाजावर असतो. दोन वर्षांपूर्वी येताना त्याने जर्कीचं पाकीट आणलं, सोया सॉस, साखर, मिरी यात मुरवून कडक वाळवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या. आई एक तुकडा चघळून म्हणाली, हे तर आपलं सुकंच की, पण गोड का लागतंय? तेव्हापासून मी घरी करतेय. सोडे, सुकट, खारा बांगडा आपल्याकडे कोणाला शिकवायला नको, पण मटणाला काय लावायचं यात मी बरंच मटण वाया घालवलंय आणि ते फेकताना जीव तुटतो, म्हणून हा धागा. काय लावता, किती वेळ मुरवता, कुठे फसलं, सगळं लिहा.

माझं आधी सांगते. पहिल्यांदा रोजच्यासारखं कांदाखोबऱ्याचं वाटण चोपडलं. वास असा सुटला की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. आठव्या दिवशी डबा उघडला तर सगळं खवट. पाणी उडून जातं पण खोबऱ्याचं तेल नि मांसावरची चरबी तिथेच राहते आणि खवट तीच होते, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. आता खोबरं नाही, तेलाचा थेंब नाही. खाटिकदादांकडून मांडीचं मटण चरबी काढून घेते, तासभर फ्रीजरमध्ये ठेवते म्हणजे सुरी नीट चालते, मग अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या. किलोला 20 ग्रॅम मीठ, 3 चमचे कोरडा भाजलेला मालवणी मसाला, चमचाभर गूळ, रात्रभर फ्रीजमध्ये. गूळ जास्त पडला तर पट्टी कितीही वाळवा, बोटाला चिकटतेच.

वेंगुर्लेकरीण
ताई, गुळाबरोबर थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालून बघा. किलोला अर्धी वाटी, रंग असा गडद लाल येतो की बघत राहावं. फक्त आगळात मीठ असतंच, ते विसरून मी वर पूर्ण मीठ घातलं आणि पट्ट्या तोंडात धरवेनात, शेवटी पाण्यात भिजवून वालाच्या आमटीत घातल्या. आता आगळ चाखून मग मीठ ठरवते. आणि आंबट घातलं की रात्रभर नको, 4-5 तास पुरे, नाहीतर मटण वरून पिठूळ होतं.

श्रीवर्धनवाली
आमच्यात बकरीदचं मटण वाळवायची पद्धत जुनी आहे. आजी लांब लांब पट्ट्या कापून मीठ-हळद चोळायची आणि अंगणात दोरीवर टाकायची, आम्हा पोरांचं काम काठी घेऊन कावळे हाकायचं. पण सण दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो, 2024 ला 17 जूनला आला, 2025 ला 7 जूनला, म्हणजे पावसाच्या तोंडावरच. 2024 ला मी हट्टाने माजघरात पंख्याखाली दोरी बांधली, हवेतच एवढं पाणी की तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर हिरवी बुरशी, सगळं परसात पुरलं. खूप रडले, कारण ते कुर्बानीचं होतं. आता मटण आधी फ्रीजरमध्ये जातं आणि थोडं थोडं काढून ओव्हनमध्ये वाळवते. मसाला आजीचाच, मीठ-हळद, जोडीला आलं-लसणीचा गाळलेला रस. चोथा ठेवू नका, तो आधी करपतो.

दापोलीकर
बुरशीचं वाचलं म्हणून लिहितो. मीठ, आगळ, व्हिनेगर काहीही लावा, त्याने सगळे जंतू मरतात असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा आहे की वाळवायच्या आधीच मांस आतपर्यंत तापवायचं, मटण 71 अंश सेल्सिअस, कोंबडी 74. कारण एकदा मांस सुकलं की त्यातले जंतू उष्णतेला दाद देत नाहीत. मी पट्ट्या मुरवलेल्या पाण्यासकट उकळतो, थर्मामीटरने बघतो, मग निथळून अन्न वाळवायच्या ड्रायरमध्ये 60 अंशांवर 6 ते 8 तास. उकळताना थोडा मसाला पाण्यात जातो, म्हणून निथळल्यावर वरून जाडसर कुटलेली मिरी भुरभुरवतो, आमच्या सुपारीवर चढलेल्या वेलाची. झालंय का बघायचं तर पट्टी गार करून वाकवा, चिरा पडून आतले धागे दिसले पाहिजेत पण कडकन तुटता कामा नये.

गॅलीवाला, वसई
12 वर्षं जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात होतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला बिल्टाँग खाल्लं, तिकडचं सुकं मांस, त्यात साखरेचा गोडवा मुख्य नाही, व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजून भरड कुटलेले धणे. धणे आपलेच की! घरी ताडीचं व्हिनेगर असतंच, तेच घालतो. धणे मात्र भरडच हवेत, पूड केली की चिखल होतो.

मालवणी
मी बांगड्याचं सांगतंय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होडयो बंद, म्हणून मे महिन्यातच करून ठेवायचं. पोट साफ करून, उघडून, मीठ, हळद आणि तिरफळं (आमच्याकडे माशाला घालतात तो मसाला). बी फेकून नुसती सालं कुटायची. बांगडा तेलकट मासा, त्यामुळे वर ताईंनी खवटाचं लिहिलंय ते इथेही लागू, आम्ही आधी बांगडे संपवतो, सुकट मागाहून. आये म्हणायची, मिठाक हात आखडू नको गो.

धागाकर्ती
दापोलीकर दादा, मी आधी तापवत नव्हते, आता थर्मामीटर मागवलाय. श्रीवर्धनच्या ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. रविवारी अर्धा किलो आगळ-मिरीत आणि अर्धा किलो भरड धण्यात करून बघते. तिरफळं मटणाला कोणी लावलीत का? मुरवताना घालायची की नंतर?

मालवणी
लावलंय एकदा. मुरवताना घातली तर जीभ बधिर होते आणि मटणाची चवच कळत नाही. वाळल्यावर डब्यात चार सालं आख्खी टाका, वास लागतो तेवढा पुरे.